कुंतीच्या फांद्यांची चोरी

गुरुपौर्णिमा: कुंतीच्या झुडपाचे दोन शेंडे गेले, जबाबदार, अज्ञात इसम. नागपंचमी: आणखी एक फांदी, सालीसकट ओरबाडलेली, जबाबदार, अज्ञात स्त्री, कारण जिन्यात बांगड्या वाजल्या. गोकुळाष्टमीचा दुसरा दिवस: उरलेले संपूर्ण झुडूप, बुंध्यासकट, जबाबदार, आमच्या गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष आणि त्यांच्या प्रत्येक ठरावास हात वर करणारी समस्त कार्यकारिणी.

ही कुंती मी डोंबिवलीत राहायला आलो त्या वर्षी अंगणातल्या पाण्याच्या टाकीजवळ बी पेरून वाढवली होती. बारमाही हिरवी, आपल्याच डोंगरातली. औद्योगिक वसाहतीकडून वारा सुटला की शोभेची परदेशी रोपे माना टाकतात. ही मात्र तशीच उभी असे, आणि संध्याकाळी पांढऱ्या फुलांचा असा गंध सोडी की टँकरवरून चाललेले भांडणही क्षणभर थांबे. तरीही ठराव झाला: टाकीजवळची जागा गणपतीपूर्वी पेव्हर ब्लॉक घालून मोटारींस द्यावी. फळे बुलबुलांनी केव्हाच फस्त केली होती, त्यामुळे बियांची आशा नव्हती. झुडूप जाण्याआधी त्याच्या एका तरी फांदीने मुळे धरावीत, इतकेच मला हवे होते.

मी रीतसर अर्ज केला. झुडूप माझ्या हातचे असले तरी जमीन संस्थेची, म्हणजे फांदीही संस्थेची. परवानगी मिळाली, तीही सशर्त: कापलेल्या फांद्या लावण्यापूर्वी कार्यकारिणीने त्यांची पाहणी करावी. ही अट पारदर्शकतेसाठी मीच सुचवली होती आणि तीत मला आजही काही गैर दिसत नाही. मी धारदार कात्रीने वीत-वीतभर फांद्या कापून बादलीत ठेवल्या. सभेस गणसंख्या भरली नाही. फांद्या काळ्या पडल्या. पुन्हा कापल्या, या वेळी सभा भरली, पण पाहणीचा विषय कार्यसूचीत नव्हता.

"अहो," बादलीत डोकावून पत्नी म्हणाली, "यांचं आता दहावं करायचं की एकदम तेरावं?"

"अगं, हा कायद्याचा प्रश्न आहे."

"वास मात्र गटाराचा येतोय."

इकडे चोऱ्या चालूच होत्या. मी फलकावर सूचना लावली की संस्थेच्या मालमत्तेतील फांदी संमतीविना नेणे ही चोरी होय. दुसऱ्या दिवशी तिच्याखाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, 'आणि कुजवणे?' त्याचेही हस्ताक्षर मी तपासत होतो. तेवढ्यात कोयता आला आणि कुंती गेली.

त्या दिवशी मला जेवण गेले नाही. सायंकाळी तक्रारअर्ज घेऊन मी सह्यांसाठी दारोदार निघालो. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, यांनी दार उघडले आणि मला पाहताच गॅलरीकडे धावत जाऊन कशावर तरी पंचा टाकला. संशयास्पद वर्तन. मी चपला काढून थेट आत गेलो आणि पंचा उचलला.

फरशी पुसायच्या बादलीमागे दह्याचे तीन डबे होते. तिन्हींत कुंती. नवी कोवळी पाने तुकतुकीत, आणि एका डब्याच्या बुडाच्या छिद्रातून पांढरेशुभ्र मूळ बाहेर डोकावत होते. मी त्या मुळाकडे पाहिले आणि मला हसू फुटले. ते काही केल्या थांबेना. मी त्यांच्या पाटावर बसून हसलो, उभा राहून हसलो, चष्मा पुसून पुन्हा मूळ पाहिले.

"भावोजी, पाणी देऊ का?" वहिनी घाबरल्या होत्या. "पोलिसांत नका जाऊ. चोरून आणलेली फांदीच जगते म्हणून नेल्या हो. तिसऱ्या मजल्यावरचीनेही नेली. माझ्या बहिणीने आंबिवलीला नेली, मुलीने दिवा गावी."

"सगळ्या जगल्या?"

"सगळ्या."

मी पाटावर बसून या समजुतीची उलटतपासणी केली. चोराजवळ कात्री नसते. तो फांदी ओरबाडतो, त्यामुळे जुन्या लाकडाची साल तिच्यासोबत येते आणि मुळे तेथूनच फुटतात. चोर गणसंख्येची वाट पाहत नाही. फांदी ओली असतानाच मातीत खोचतो. आणि कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून तिला आडोशाला, सावलीत ठेवतो. या गुन्ह्याचे प्रत्येक अंग वनस्पतीच्या हिताचे होते.

"वहिनी, एक डबा मला द्या."

"देणार नाही. दिलेलं रोप लागत नाही. तुम्ही चोरा, मी आत दूध बघते."

"तुमची संमती असल्यास ती चोरी ठरत नाही."

"बरं, मग संमती नाही. माझ्या डब्याला हात लावाल तर याद राखा," असे म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दुधाचे पातेले गरजेपेक्षा फार मोठ्याने आपटू लागल्या.

आयुष्यभर इतरांना कलमे दाखवणारा मी, तो डबा सदऱ्याखाली धरून जिना उतरलो. वयाला न शोभेलशा वेगाने उतरलो. डब्यातले गार पाणी पोटावरून ओघळत होते आणि मी गुणगुणत होतो. घरी आल्यावर पत्नीने सदऱ्याचा फुगवटा पाहिला, वॉशिंग मशीन पुढे ओढले आणि मागची सावलीची जागा मोकळी करून दिली. दसऱ्याला त्या रोपास नवी पालवी आली. तिचा पेढा आम्ही वहिनींना नेऊन दिला. कारण सांगितले नाही.

मात्र एक बाब उरते. परवा गच्चीवरची टाकी पाहण्यास गेलो असता चौथ्या मजल्यावरची एक खिडकी मला वरून स्पष्ट दिसली. कपड्यांच्या दोरीआड, रंगाच्या जुन्या डब्यात, कुंती आहे. खिडकी अध्यक्षांची आहे. तेव्हा माझी जाहीर मागणी अशी की, अध्यक्ष महोदयांनी येत्या सर्वसाधारण सभेत, सर्व सभासदांसमक्ष उभे राहून उत्तर द्यावे: ही फांदी आपण झुडूप तोडण्याचा हुकूम देण्यापूर्वी नेली की नंतर, कोणाच्या परवानगीने नेली, आणि पश्चिमेच्या उन्हात ठेवूनही ती इतकी टवटवीत कशी?