वाटीचा काठ की वाटीचा तळ

"काका, कॉम्प्रेशन नाही म्हणून टेन्शन घेऊ नका. लिफ्ट वाढलीय," ऋषिकेश म्हणाला.

मी टेन्शन घेतलं नव्हतं. मी आवाज ऐकत होतो. स्टार्टर मारला की इंजिन अगदी हलकं फिरायचं आणि एअर क्लीनरमधून फुसफुस यायची. सिलिंडरमधली हवा दाबली जायच्या ऐवजी आल्या वाटेनं परत चालली होती. म्हणजे वॉल्व बंदच होत नव्हते. मी किल्ली काढून खिशात टाकली, कारण इंजिनिअर माणसाच्या हातात किल्ली राहिली की तो पुन्हा ट्राय करतो.

मी बत्तीस वर्षं एका वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनं बांधली. रिटायर झाल्यावर जुळे सोलापुरात राहून फक्त पेपर वाचवेना, म्हणून एमआयडीसीत एक शेड घेतलं. तिथं हा तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर अकलूजकडच्या एका गावातून ट्रकवर चढून आला. मागोमाग मालक तात्या आणि त्यांचा भाचा ऋषिकेश आले. भाचा मेकॅनिकल इंजिनिअर. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअर तपासायची. इंजिन त्यानं शेवटचं पाहिलं ते परीक्षेच्या पेपरात.

तात्यांची घाई वेगळीच होती. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होताना गव्हाणीत, म्हणजे ऊस आत जातो त्या पट्ट्यावर, उसाची पहिली मोळी टाकतात. त्या दिवशी पहिला ऊस घेऊन जायचा मान एकाच ट्रॅक्टरला मिळतो. यंदा तो तात्यांना होता.

"मिस्त्री, परवा सकाळी धा वाजता मोळी पडती," तात्या म्हणाले. "बारा वरसं वाट बघितली म्या. न्हाय पोचलो तर भावकीतला दुसरा हायच की. त्यानं कालच ट्रॅक्टर धुऊन हार आणून ठेवलाय."

"तुमचा कशानं बंद पडला?"

"पुशरॉड वाकलं. ह्यानं सहाच्या सहा नवी करून घेतली."

पुशरॉड म्हणजे बोटाएवढी जाड, वीतभराहून थोडी लांब दांडी. खाली कॅम फिरतो, त्याच्यावर एक उंचवटा असतो. तो उंचवटा दांडीला वर ढकलतो, दांडी रॉकर नावाच्या तरफेला ढकलते आणि रॉकर वॉल्व खाली दाबून उघडतो. वॉल्व किती उघडला, त्याला लिफ्ट म्हणतात. ती किती असावी हे कॅम आणि रॉकर ठरवतात. दांडीचं काम फक्त निरोप पोचवायचं.

नव्या दांड्या जुन्यांपेक्षा लांब निघाल्यात हे ऋषिकेशलाही दिसलं होतं, पण त्याचं मत वेगळं होतं. "दांडी लांब, लिफ्ट जास्त, हवा जास्त, पॉवर जास्त. सिम्पल आहे काका."

मी वाद घातला नाही. टॅपेट कव्हर काढलं, वॉल्वच्या डोक्यावर डायल गेज लावला आणि इंजिन हातानं सावकाश फिरवलं. डायल गेज म्हणजे घड्याळासारखा काटा, केसाएवढी हालचालही दाखवतो. पुस्तकात लिफ्ट साडेदहा एमएम. काटा बारा पॉइंट तीनवर गेला.

"बघा," भाच्याचा चेहरा फुलला. "वाढली की."

"आता परत कुठं येतोय तेही बघा."

काटा परतला आणि एक पॉइंट आठवर थांबला. शून्यावर आलाच नाही. अॅडजस्टिंग स्क्रू, म्हणजे रॉकरवरचा फट जुळवायचा स्क्रू, पूर्ण मागे घेतलेला, तरीही. म्हणजे उघडझाप साडेदहाचीच होती, फक्त वॉल्व आधीपासूनच दाबून धरलेला. दाराच्या फटीत वीट घातली म्हणून दार मोठं होत नाही, ते फक्त लागत नाही. हे मी तात्यांना सांगितलं. त्यांना लगेच कळलं. भाचा म्हणाला, थिअरी थोडी कॉम्प्लिकेटेड आहे.

ते इंजिन वाचलं कसं हेच आश्चर्य. या मॉडेलच्या पिस्टनला वॉल्वसाठी खळगे ठेवलेत म्हणून, नाहीतर याच्या थिअरीनं सहाही वॉल्व पिस्टनवर आपटून वाकले असते.

"लांबी किती दिली होती?" मी विचारलं.

"टू फोर्टी एट पॉइंट झिरो झिरो." त्यानं डिजिटल कॅलिपर काढून दाखवला. ऑनलाइन मागवलेला, डबीसकट. दोन झिरो त्यानं मोठ्या प्रेमानं उच्चारले.

"तो लेथवालाच बाद हाय," तात्या भडकले. "मोळीच्या दिवशी कारखान्यावर सगळ्यास्नी सांगतो, त्येच्या दारात जाऊ नका म्हणून."

लेथवाला म्हणजे मल्लेशम. बाप मागावर बसायचा, हा लेथवर. वीस वर्षं माझं काम करतोय. त्याचं नाव असं उगाच घेतलेलं मला आवडलं नाही, आणि मी तसं स्पष्ट बोललो. मग त्याला बोलावलं. तो आला, दांडी हातात घेतली आणि शांतपणे म्हणाला, "साहेबांना फोनवर विचारलो की मी. वाटीच्या काठापासून की तळापासून?"

दांडीच्या वरच्या टोकाला एक खोलगट वाटी असते. तिच्यात रॉकरच्या स्क्रूची गोळी बसते. गोळी काठावर बसत नाही, तळाला टेकते. म्हणून आमच्याकडे लांबी तळापासून धरतात. वाटी तीन एमएम खोल होती.

"मग साहेब काय म्हणाले?"

"लेंग्थ म्हणजे लेंग्थ म्हणाले. तळापासून केलो."

भाच्यानं जुनी दांडी मोजली होती काठापासून. कॅलिपरच्या चोची काठावरच टेकतात, त्याला वाटीचं काय. म्हणजे दांडी बरोब्बर तीन एमएम लांब झाली, आणि तीही दोन झिरोच्या अचूकतेनं.

"मी मीटिंगमध्ये होतो तेव्हा," ऋषिकेश म्हणाला.

नुसते तीन एमएम कापून भागणार नव्हतं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, सपाट करायला फेसिंगला दिलं होतं, तिथंही थोडं घासलं गेलं होतं. माझ्याकडे मोजायची एक खास दांडी आहे, दोन तुकड्यांची, मध्ये आटे. फिरवली की लहानमोठी होते. ती बसवली, स्क्रू मधोमध ठेवला, गॅप जुळवला. मग वॉल्वच्या टोकाला मार्कर फासून इंजिन दोन फेरे फिरवलं. रॉकर जिथं घासतो तिथला रंग जातो. पट्टी बारीक आणि मधोमध आली. दांडी काढून मोजली, तळापासून. तो आकडा मी पाटीवर लिहिला आणि शेजारी वाटीचं चित्र काढून तळाला बाण केला. इंजिनिअरसाठी.

मल्लेशमनं सहाही दांड्यांची खालची टोकं काढली, नळ्या कापल्या, टोकं परत प्रेस करून बसवली. दुसऱ्या दिवशी दुपारी काटा साडेदहाला गेला आणि शून्यावर आला. अर्ध्या स्टार्टरला इंजिन लागलं. तात्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मी स्वच्छ झालेले हात पुन्हा पुसत राहिलो.

मोळीला तात्यांनी मला आणि मल्लेशमलाही नेलं. ट्रॅक्टर हार घालून सगळ्यांच्या पुढे. माइकवरचा माणूस म्हणाला, "तात्यांचे इंजिनिअर भाचे ऋषिकेश यांनी इंजिनाची लिफ्ट वाढवून हा ट्रॅक्टर इथवर आणला." ही माहिती त्याला कुणी पुरवली ते मी विचारलं नाही. शाल आणि नारळ झाला. भाच्यानं फोटोसाठी मान जराशी तिरकी केली.

मग माइक तात्यांकडे आला.

"भाच्यानं वाढवली हे खरं हाय," तात्या म्हणाले. "म्हणूनच बंद पडला हुता. ह्या मिस्त्रीनं मोजलं, त्या मल्लेशमनं कापलं, तवा ट्रॅक्टर हितं आला. मल्लेशमला म्या लई वंगाळ बोललो, ते चुकलं माजं."

लोक हसले. भाचा शाल काढावी की ठेवावी या विचारात तसाच घामाघूम उभा राहिला. दुसरी शाल नव्हतीच.

माप किती भरलं ते सगळेच सांगतात, तेही दोन झिरोसकट. कुठून कुठपर्यंत मोजलं असं विचारलं की माणसं चिडतात. जितकी शिकलेली, तितकी जास्त. चिडू देत. किल्ली खिशात ठेवायची आणि विचारायचं.