हवालदारांची जानेवारीतली छत्री

शेवगावच्या पुढच्या आमच्या कोरड्या पट्ट्यात छत्री उघडायची वेळ पावसाळ्यातसुद्धा क्वचितच येते. तरी हवालदार कृपादान साळवे भर जानेवारीत लांब दांड्याची काळी छत्री घेऊन गावातून फिरत होते.

"हवालदार, ढग कुटं दिसला तुमाला?" गिरणीच्या ओट्यावरून दगडाबाई ओरडायची.

"उन्हासाठी आहे."

"मग उगडा की! मिटून का चालवताय बिचारीला?"

हवालदार छाती काढून, छत्रीचं टोक मातीत रुतवत पुढे निघून जात.

त्यांचा डावा गुडघा महिनाभर रुसला होता. हे बायको लिडिया सोडून कुणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत. आणि सव्वीस जानेवारीपर्यंत कुणाला कळू नये, एवढंच मागणं रोज प्रार्थनेत. फौजेतून परतल्यापासून, तीस वर्षं, पंचायतीसमोर झेंड्याला 'सावधान' तेच देत आले होते. सरपंच पुष्पावतीबाईंना कळलं आणि त्यांनी शाळेतल्या पीटीच्या मास्तरांना उभं केलं, तर?

फौजेत हवालदार कपड्यांच्या कोठारावर होते. चोवीस वर्षं जवानांना बूट आणि कोट वाटले, तेही टेप न लावता. समोरचा माणूस दारातून आत येईपर्यंत यांनी माप ओळखलेलं असायचं. अजूनही चर्चमध्ये नवीन पाळकसाहेब आले, की उपदेश सुरू व्हायच्या आधी त्यांच्या बुटाचा नंबर हवालदारांना कळलेला असे. घरातली भांडीसुद्धा उंचीप्रमाणे उभी. "माझ्या चमच्यांची रोज परेड असती," लिडिया सांगायची.

डिसेंबरात पंचायतीनं गावातल्या म्हाताऱ्यांना काठ्या करून द्यायचं ठरवलं. ग्रामसेविका जया मॅडम टेप घेऊन दारोदार फिरल्या. मनगटापासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं, यादीत नाव लिहायचं. साळव्यांच्या दारात हवालदार आडवे उभे.

"आमच्याकडे कुणी म्हातारं नाही."

"काका, तुमचं वय?"

"चौऱ्याहत्तर. म्हातारा म्हणालो का मी?"

काठ्या आल्या. सगळ्या एका रंगाच्या, एकसारख्या मुठीच्या. सुतारानं नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, त्या लोकांनी पहिल्याच दिवशी नखानं खरवडल्या. "नाव लावाय मी काय डेअरीचा क्यान हाय?" उंच बिभीषणरावांचा सवाल.

मग मंगळवारी पंचायतीत रक्तदाब तपासायला डॉक्टर आले. चपलांशेजारी काठ्यांचा ढीग लागला आणि लग्नात चपला बदलतात तशा काठ्या बदलल्या. दुसऱ्या दिवशी बिभीषणराव कमरेत वाकून चाललेले, आणि ठेंगण्या दगडाबाईचा हात खांद्याच्या वर. "ही काठी मला टांगून नेतीया!" कुणी म्हणे माझी ह्याच्याकडं, कुणी म्हणे त्याची तिच्याकडं. शुक्रवारी सगळे तणतणत पंचायतीच्या अंगणात जमले आणि काठ्यांचा पुन्हा ढीग लागला.

जया मॅडमनी डोक्याला हात लावला. "आता परत सगळ्यांची मापं घ्यायची का मी?"

"मापं कशाला?" छत्री टेकून उभे असलेले हवालदार म्हणाले. "काठ्या भिंतीला लावा. मोठी उजवीकडे, लहान डावीकडे. आणि माणसं..." त्यांनी श्वास भरला. "लंबा दाहिने, छोटा बाएँ, एक लाइन में कदवार खडे हो!"

गिरणीचं कुत्रं उठून बसलं.

"काय म्हणत्यात?"

"उंचीनं उभं राहा म्हणत्यात! सरक तिकडं!"

"मी हिच्यापेक्षा उंच हाय."

"अंबाडा सोडून मोज, अंबाडा!"

पाच मिनिटांत रांग लागली. उजव्या टोकाला बिभीषणराव, डाव्या टोकाला दगडाबाई. हवालदार एकेक काठी उचलून देत चालले. मूठ मनगटाशी आली की पुढे. पहिल्या सहा जणांना चपखल बसल्या. सातवी मात्र सातव्या माणसाला लांब झाली. आठवी आठव्याला लांब. हवालदार थांबले. सातवी बाजूला ठेवून त्यांनी पुढच्या काठ्या एकेक जागा सरकवल्या, आणि दगडाबाईपर्यंत सगळ्या बरोबर बसल्या.

"माणसं सतरा, काठ्या अठरा," ते म्हणाले. "कुणीतरी गैरहजर आहे. यादी वाचा, मॅडम."

जया मॅडमनी यादी उघडली आणि मिटली. गर्दीतली लिडिया पदराआड तोंड लपवून भलतीकडेच बघायला लागली.

दगडाबाई रांग सोडून आली. तिनं ती उरलेली काठी उचलली आणि हवालदारांशेजारी उभी धरली. मूठ जवळपास त्यांच्या मनगटाशीच.

छत्रीवरची त्यांची मूठ आवळली.

"माझं माप मी दिलं नव्हतं," हवालदार हळूच म्हणाले.

"मी दिलं," लिडिया म्हणाली. "अन् काठी आज सकाळी मीच ढिगात ठिवली. घरी दिली असती तर घेतली असती व्हय तुमी?"

"सव्वीस तारखेला..." त्यांनी पंचायतीच्या दारात उभ्या सरपंचबाईंकडे पाहिलं.

"सव्वीसला काय?" पुष्पावतीबाई म्हणाल्या. "आठला हजर ऱ्हावा. अन् सावधान काय गुडघ्यानं देत्यात व्हय? आत्ता कुत्रं उठून बसलं, त्येला विचारा!"

अंगणात हशा पिकला. बिभीषणराव ओरडले, "हवालदार, सहाव्याच्या पुढं जागा मोकळी हाय! भरा!"

हवालदारांनी काठी हातात घेतली, टेकवून पाहिली आणि कपाळाला आठी घातली. "दोन बोटं लांब आहे."

"न्हाई," लिडिया म्हणाली. "तुमी झोपल्यावर घेतलंय माप. झोपेत तुमी सरळ असता, जागेपणी गुडघा वाकतोय."

हवालदार रांगेत जाऊन उभे राहिले. पाठ ताठ केली, गुडघा हळूहळू सरळ केला. काठी बरोबर बसली.

"सव्वीसला सगळ्यांनी काठ्या घेऊन यायचं," त्यांनी रांगेतूनच फर्मावलं. "एक जरी वाकडी दिसली तरी बघा!"

मग त्यांनी छत्री दगडाबाईच्या हातात दिली.

"ठेवा तुमच्याकडे. ढग दिसला की उघडा."