लाउंजमधले अडीच तास

विमानतळावरच्या लाउंजचं कार्ड घेण्यात काही अर्थ आहे का, असं ऑफिसातलं कुणी ना कुणी मला विचारतंच. दर आठवड्याला दिल्ली-बडोदे करणारा मी एकटाच, म्हणून या विषयातला जाणकार समजला जातो. मी सगळं खरं सांगतो. पोहे कोमट असतात, कॉफीचं यंत्र अर्धा कप भरून विचारात पडतं, आणि चांगल्या सोफ्यावर आपल्या आधी कुणाची तरी बॅग पसरलेली असते. तरी घ्या, म्हणतो. का, ते मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही.

आमच्या बडोद्याचं लाउंज म्हणजे एक लांबट खोली, तिची एक बाजू अख्खी काचेची. रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला तिथे जेमतेम चार माणसं असत. बाहेर धावपट्टीवर ऊन हलत असे, कडेच्या वाळक्या गवतात एखादी टिटवी चालताना दिसे, पण तिचा आवाज आत येत नसे. कुठलाच आवाज येत नसे. गालिच्यावर पावलं वाजत नाहीत, चमचेसुद्धा दबकत वाजतात. मी काचेजवळची खुर्ची धरायचो आणि डोळे अर्धे मिटायचो. मग आपण जायला निघालोय की परत आलोय, हे कळेनासं व्हायचं. वय, नोकरी, घर, सगळं काचेच्या पलीकडे राहायचं. कुणी मला काही विचारत नसे, आणि ते सुख मी अडीच तास पुरवून पुरवून घ्यायचो.

अडीच तासच का, तेही सांगून टाकतो. माझं विमान सव्वासहाला. फतेगंजातल्या आमच्या घरापासून विमानतळ रविवारी पंधरा मिनिटांवर. पाचला निघालो असतो तरी घाई झाली नसती. मी निघायचो अडीचला. बाबांना सांगायचो, "हल्ली सिक्युरिटी फार कडक झालीय, लवकर जावं लागतं." ते मान डोलवायचे आणि दारापर्यंत बॅग आणून द्यायचे.

बाबा रेल्वेत स्टेशनमास्तर होते. नोकरीची बरीच वर्षं डभोईला, छोट्या गाडीच्या लाइनवर गेली. चार वर्षांपूर्वी आई गेली आणि ते एकटे झाले. मी नोकरीला दिल्लीत, बहीणही तिथेच, तिचं घर मोठं, ती कायमची बोलावत होती. पण बाबांचं एकच: "बडोदं सोडणार नाही. इथे मला दूधवाला ओळखतो." म्हणून मी शुक्रवारी रात्री येऊन रविवारी जायचो. आठवडाभर ते जे कुणाशी बोलले नसत, ते सगळं माझ्यासाठी जपून ठेवलेलं असे. रोज दुपारी तीनला ते चहा टाकत आणि चहाबरोबर डभोई सुरू होई. वऱ्हाडाची गाडी नवरदेवाचा फेटा राहिला म्हणून अकरा मिनिटं थांबवली, आणि वरच्यांना उत्तर काय दिलं, हे मी किती वेळा ऐकलं याची गणती नाही. माझे कान किटले होते. शनिवारी मी ऐकायचो, रविवारी सकाळीही ऐकायचो. रविवारच्या तीनच्या चहाला मात्र मी पळून जायचो. चांगला मुलगा म्हणवून घेत होतो आणि वर ही चोरी करत होतो.

यंदाच्या हिवाळ्यात बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दिल्लीत करायचं ठरलं. एका रविवारी आम्ही दोघं माझ्याच विमानाने जाणार होतो. त्यांचं परतीचं तिकीट महिन्यानंतरचं, ते त्यांनी स्वतः आग्रहाने काढायला लावलं. आणि माझी पंचाईत झाली. खऱ्या वेळेला निघावं, तर ते विचारणार, आज एवढ्या उशिरा कसं? मी बरंच डोकं खाजवलं आणि शेवटी खोट्यालाच धरून राहिलो. आम्ही अडीचला निघालो.

मी त्यांना खालीच खुर्च्यांवर बसवणार होतो. सिक्युरिटी दहा मिनिटांत उरकली. बाबांनी पट्टा पुन्हा कमरेला लावला, इस्त्रीचा बुशशर्ट नीट केला आणि म्हणाले, "चल, तुझी वेटिंग रूम दाखव."

"कसली वेटिंग रूम, बाबा?"

त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढला. बँकेचं पत्र होतं, घरच्या पत्त्यावर आलेलं. कार्डावर लाउंजच्या किती भेटी झाल्या, त्यांचा तक्ता. "तुझं पत्र फोडलं, रागावू नकोस. महत्त्वाचं असेल असं वाटलं," ते म्हणाले आणि आयुष्यभर जसं गाड्यांच्या वेळांवरून फिरवलं तसं बोट त्या रकान्यावरून खाली नेऊ लागले. "सगळे रविवार. दोन पन्नास. दोन पंचावन्न. दोन बावन्न. वेळेचा पक्का आहेस तू."

आवाजात राग नव्हता. मी बॅग उचलून जिना दाखवला.

वर लाउंजच्या दाराशी एक मुलगी बसली होती. मी कार्ड पुढे केलं. त्याच्या शेजारी बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून काढून आम्हा दोघांची नावं असलेली रेशनकार्डाची झेरॉक्स ठेवली. मला आधी कळेचना. मग कळलं, आणि लाज वाटली, त्यांची नव्हे, माझी. आमचं सगळं लहानपण त्यांच्या रेल्वे पासावर गेलं. एका माणसाचा पास, पण त्यात बायको, मुलं, जो कुणी त्याच्यावर अवलंबून असेल तो, सगळे यायचे. वरच्या वर्गाच्या वेटिंग रूममध्ये आम्ही त्याच जोरावर पाय पसरून झोपलोय. पास म्हटला की घर आलंच, हा त्यांचा हिशेब.

"बेन," ते त्या मुलीला म्हणाले, "हुं आनो डिपेन्डन्ट छुं." मी याच्यावर अवलंबून आहे, असं त्यांनी एका परक्या मुलीला सांगितलं, अगदी सरळ, फॉर्मवर लिहावं तसं.

तिने रेशनकार्ड दोन्ही हातांनी उचललं, वाचलं, आणि नरमपणे म्हणाली, "काका, आ कार्ड पर एक ज जण आवी शके." कार्डावर एकच माणूस चालत होता, म्हणून मी त्यांचे पैसे वेगळे भरले. आत जाताना बाबांनी मला हळूच विचारलं, "या पासात बाप येत नाही?"

मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं, स्वतः शेजारी बसलो. ऊन तसंच हलत होतं. एक विमान आवाज न करता सरकत गेलं. मी पोहे आणले, त्यांनी खाल्ले. मी वाट पाहत होतो, आता फेटा निघेल, आता अकरा मिनिटं निघतील. तीन वाजले, साडेतीन वाजले. बाबा हात मांडीवर ठेवून काचेबाहेर पाहत होते. चार वर्षांत ते इतका वेळ गप्प बसलेले मी पाहिले नव्हते. ती माझी लाडकी शांतता होती आणि मला ती सहन होईना.

"बाबा, बोला ना काहीतरी."

"तू झोप. तुझी झोपायची वेळ आहे ही." मग म्हणाले, "माझं ते परतीचं तिकीट रद्द करून टाक. मी राहीन तिकडे तुझ्या बहिणीकडे. माझ्यासाठी कशाला दर आठवड्याला एवढी दगदग."

"दगदग नाही, बाबा." मी म्हणालो. "मी तुम्हाला चुकवायला इथे येत होतो. चुकलं माझं."

"ते कळलं रे मला," ते म्हणाले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "नुसतं सांगायचंस. घरीसुद्धा मी गप्प बसलो असतो."

तिकीट मी रद्द केलं नाही, पण ते वापरलंही गेलं नाही. ऑपरेशन नीट झालं, बाबांना सगळं स्वच्छ दिसतं. बडोद्याच्या घराला कुलूप आहे. मी आता रविवारी दुपारी बहिणीकडे जातो. तीनला बाबा उठतात, दोघांचा चहा टाकतात, माझा कप माझ्यापुढे ठेवतात आणि समोरच्या खुर्चीत मुकाट बसून राहतात, मला झोप लागावी म्हणून. मी डोळे मिटतो आणि जागा असतो.