सभेच्या दारात राहिलेली टुकरी

महागावच्या बसस्टँडवर मी सामान पुन्हा एकदा तपासलं. पासपोर्ट, तिकीट, नर्सिंगची सर्टिफिकेटं, स्वेटर, तिखटाची पुडी. सगळं जागेवर होतं. अशा वेळी मला रडू येत नाही, यादी सुचते. बा कंडक्टरला बजावत होते, ‘पोरगी न्यूझीलंडले चालली, नागपूरले नीट उतरवून देजो.’ कंडक्टर म्हणाला, ‘नायक, मी नागपूरलोकच जातो. पुढचं विमानवाल्याले सांगा.’ सगळे हसले. याडी, म्हणजे माझी आई, हसली नाही. ती खांबाला टेकून उभी होती, डोक्यावर काळी टुकरी घेऊन. टुकरी म्हणजे आमच्या बंजारा बायकांची ओढणी. तिच्यावर याडीनं लग्नाआधी स्वतः आरसे आणि कवड्या टाकल्या होत्या. गाडी सुटल्यावर मागच्या काचेतून पाहिलं तर गर्दीत बाकी कुणी ओळखू येईना. वळण येईपर्यंत आरसे तेवढे चमकत राहिले.

तांड्यातल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखे बाहेर पडून तिकडेच राहिलेल्यांनो, हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. घरात आम्ही गोरबोली बोलतो. इथं बोलणं वऱ्हाडीत लिहिते, म्हणजे सगळ्यांना कळेल.

बा तांड्याचे नायक होते. लिंबाखाली नसाब बसायची, म्हणजे तांड्याची पंचायत. बा सगळ्यांच्या शेवटी बोलायचे. एकदा सोनीबाई नावाची म्हातारी भर नसाबीत उठली आणि म्हणाली, ‘नायका, पाइप तुह्या दारावरून जाते म्हणून तुह्या घरी पाणी, अन् आम्ही काय थुका गिळावा?’ मी लहान होते. मला वाटलं, आता बा तिला हाकलतील. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पाइप हलवला. मी घरी चिडले तेव्हा म्हणाले, ‘पोरी, लोकायले नायकाच्या तोंडावर बोलता येते तवर तो नायक. ते बंद झालं का निस्ता दरारा.’

ऑकलंडमध्ये मी आता वॉर्डची इन्चार्ज आहे. रोस्टर लावते, हँडओव्हर घेते, रविवारी आठवड्याचे डबे फ्रीझ करते. मुलं मराठी समजतात, उत्तर इंग्रजीत देतात. इतक्या वर्षांत देश आठवायची एक खास जागा मनात तयार झाली होती, आणि त्या जागी देश चालवणाऱ्या साहेबांचा फोटो होता. हो, माझ्याही. परक्या देशात आपला नेता ताठ मानेनं बोलतो, याचं मला फार कौतुक होतं.

साहेब आमच्या शहरात येणार म्हटल्यावर बसगाड्या, पाणी, म्हाताऱ्यांच्या खुर्च्या हे सगळं माझ्याकडे आलं. लोकांकडून प्रश्नही मागवले होते. मी ते विषयवार लावून पुढे पाठवले. त्यात माझाही एक होता, तांड्यातली शाळा बंद होणार का, असा. एकही प्रश्न घेतला गेला नाही. नाराज लोकांना मीच समजावलं, वेळ कमी होता म्हणून.

हॉलसमोर, रस्त्यापलीकडे काही जण काळे कपडे घालून, काळ्या छत्र्या उघडून उभे होते. मी तावातावानं रस्ता ओलांडून गेले. म्हटलं, घरातली भांडणं परक्याच्या अंगणात कशाला आणता? एक मराठी पोरगी शांतपणे म्हणाली, ‘काकू, घरात बोलू देत नाहीत.’ मी म्हटलं, आमच्या घरात तर सगळे बोलतात, आणि परत फिरले. आत साहेब गावच्या पंचायतींविषयी बोलत होते, आपल्याकडे शेवटच्या माणसाचंही कसं ऐकलं जातं ते सांगत होते. मला वाटलं, हे माझ्या बांविषयीच बोलत आहेत. बा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मी रुमाल काढला.

पुढे काही महिन्यांनी आपल्या जिल्ह्यात साहेबांची सभा झाली. माझा धाकटा भाऊ विलास पक्षाचं काम करतो. तांड्यातल्या बायकांना पारंपरिक कपड्यांत पुढच्या रांगेत बसवायचं ठरलं होतं. याडीनं पेटीतून टुकरी काढली, उन्हात घातली. मी फोनवर म्हटलं, पुढून नीट पाहून घे. त्या दिवशी विलासनं स्टेजचे फोटो पाठवले आणि लिहिलं, ‘याडीनं लय एन्जॉय केलं.’

हिवाळ्यात मी घरी गेले. याडी दारात उभी होती, डोक्यावर साधा छापील स्कार्फ. टुकरी कुठे, विचारलं तर म्हणाली, ‘आहे कुठंतरी.’ पेटीत नव्हती. याडी वस्तू हरवत नाही, माझी सवय तिचीच आहे. शेवटी शेजारच्या काकूंनी सांगितलं, त्याही त्या दिवशी सोबत होत्या.

सभेच्या दारात पोलीस पोरगी म्हणाली, ‘मावशे, काळं चालत नाही. वरून ऑर्डर आहे.’ तिथं काळ्या रुमालांचा, मोज्यांचा, छत्र्यांचा ढीग पडला होता. याडी म्हणाली, ‘बाई, हा झेंडा नोहे. डोक्यावरचं आहे.’ लग्न झाल्यापासून परक्या माणसांपुढं तिचं डोकं कुणी उघडं पाहिलं नव्हतं. मागे रांग खोळंबली. विलास पुढे आला. मला वाटलं, काकू आता सांगतील की तो भांडला. तो म्हणाला होता, ‘याडी, दे न. कायले तमाशा करून राह्यली?’ मग गळ्यातलं पक्षाचं उपरणं काढून त्यानं तिच्या डोक्यावर टाकलं. सभाभर ती तेच घेऊन बसली. परत येताना ढीग जागेवर नव्हता.

मी विलासला विचारलं, ‘निदान चौकशी तरी केलीस?’

‘कोणाले करू? पोलीस म्हणते वरून, आयोजक म्हणते वरून.’

‘मग वर विचार. तू त्यांचा माणूस ना?’

‘ताई, तू महिनाभर येते अन् जाते. इथं जो विचारते तो डोळ्यात येते. मले इथंच राहाचं आहे.’

ऑकलंडला नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, एका शिपाई बाईच्या अतिउत्साहाचा दोष साहेबांना कशाला? मी त्यावर नीट विचार केला. ते निवडून आले आहेत. हुकूमशाही हा मोठा शब्द आहे, तो मी तोंडात येईल तसा वापरणार नाही. पण वॉर्डमधली नवी नर्स चुकलेला डोस सीनियरला सांगायला घाबरत असेल, तर मी त्या नर्सला दोष देत नाही. त्या सीनियरनं वॉर्ड कसा चालवला आहे, ते पाहते. एका म्हातारीच्या ओढणीची भीती त्या पोलीस पोरीची स्वतःची थोडीच होती? ती वरूनच आली होती, आणि येता येता माझ्या भावातून गेली होती. परदेशात माझ्या बांची पंचायत दाखवून माझ्याकडून टाळ्या घ्यायच्या, आणि इथं त्याच नायकाच्या बायकोचं डोकं उघडं करायचं. मला फसवलं, याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. आणि विलासचं काय करायचं, ते अजून मला कळत नाही. आम्ही बोलतो, पण जेवण, औषधं, बसची वेळ एवढंच.

निघायच्या आदल्या दुपारी याडी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘तुह्या तिकडं साहेब आलते, तवा कोणी काळं नोतं घातलं?’

‘होतं. रस्त्यापलीकडे उभे होते.’

‘पोलिसानं काढून घेतलं?’

‘नाही. त्यांना उभं राहायला जागा करून दिली होती.’

तिनं आणखी एक शेंग सोलली. ‘मंग तू कुठं होती?’

मी तिला सगळं सांगितलं. रस्ता ओलांडून गेले तेही, आणि ती पोरगी काय म्हणाली तेही. याडीनं सूप बाजूला ठेवलं. बांसमोर नसाबीत बोलायला उठणाऱ्या बायका पदर सावरायच्या, तसा तिनं स्कार्फ सावरला.

‘पोरगी खरं बोलत होती न मंग. तिले जाऊन सांग. म्हणावं, माह्या याडीनं धाडलं.’

मी म्हटलं, ‘याडी, तिचं नावसुद्धा मला माहीत नाही.’

‘माहीत कर. एवढे लोक बसमध्ये बसवले, तुले एक पोरगी सापडत नाही?’

परत येऊन मी विचारपूस सुरू केली आहे. ज्या लोकांना मी तेव्हा बसच्या वेळा कळवल्या, त्यांनाच विचारते, आणि काही जण आता माझा फोन उचलत नाहीत. इतकी वर्षं मला वाटायचं, जिथं आपलं कौतुक होतं, आपल्यासाठी जेवण झाकून ठेवलेलं असतं, ते घर. आता घर म्हणजे लिंबासमोरचं ते अंगण, जिथं म्हातारी आई मला तोंडावर विचारते, तू कुठं होती, आणि मला उत्तर द्यावं लागतं.