गोळीचा भाव आणि गुरुजींचा मफलर

थंडी सुरू झाली की आमच्या काट्यावर माल कमी आणि किस्से जास्त जमतात. मोताळा-नांदुरा रस्त्यावर सुधाकरभाऊंचा छोटा कारखाना आहे. कापूस वेचून झाला की वावरात जी वाळकी झाडं उरतात ती पऱ्हाटी. ती आम्ही विकत घेतो, तिचा भुगा करतो, दाबून बोटाएवढ्या कांड्या काढतो आणि पोत्यात भरतो. चुलीत घाला नाहीतर आंघोळीच्या बंबात. पाटीवर 'पेलेट' लिहिलंय, पण गिऱ्हाईक तिला गोळीच म्हणतं. वजन मी करतो, त्यामुळे भाव ऐकून माणसाचं तोंड कसं होतं ते सगळ्यात आधी मला दिसतं.

*

माल चांगला आहे हे पटवायची भाऊंची एक ठरलेली रीत. पाण्याच्या ग्लासात गोळी टाकायची. घट्ट दाबलेली असेल तर तळाला जाते, हलकी असेल तर तरंगते. एका म्हाताऱ्या मावशींसमोर त्यांनी हे मोठ्या ऐटीत करून दाखवलं.

"पाहा मावशी, बुडली."

"मले जाळाची हाये बापू," मावशी म्हणाल्या, "बुडवाची कायले?"

वर प्यायला दुसरा ग्लास मागितला.

*

गोळी दिसते थेट ढोरांच्या खाद्यासारखी. सोनाळ्याच्या एका गिऱ्हाइकाने दोन्ही पोती शेजारी-शेजारी ठेवली. संक्रांतीला पुण्याचा जावई आला, आणि सासऱ्याला मदत म्हणून सकाळी त्यानेच बंब पेटवला. पुढच्या खेपेला सासरा आला तेव्हा आम्हाला कळलं की बंबात ढोरांचं खाद्य गेलं होतं.

"मग पाणी तापलं का?" मी विचारलं.

"तापलं ना, मस्त तापलं. पण म्हैस दावं तोडून बंबापाशी येऊन उभी राह्यली."

"जावयाले काय म्हटलं?"

"जावयाले काय म्हणाव? म्हशीलेच रागावलो."

*

आता वानखडे गुरुजी. निवृत्त शिक्षक, थोडं वावर, घरी ते आणि बाई, म्हणजे त्यांच्या पत्नी. मलाही त्यांनीच शिकवलंय. बाईंच्या गुडघ्यांना वात आहे. सकाळी कढत पाणी अंगावर पडलं नाही तर त्या दिवसभर पलंगावरून उठत नाहीत. म्हणून गुरुजी आपली पऱ्हाटी कधी विकत नसत, घरच्या बंबासाठी ठेवत.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला भाऊ त्यांच्या मागे लागले. "धूर कायले खाता गुरुजी? पऱ्हाटी सगळी मले द्या, थंडीत गोळी न्या."

"अन् गोळी नाही भेटली तं?"

"तं माह्या घरी आंघोळीले या."

हे वाक्य भाऊ प्रत्येकाला ऐकवतात. आजवर कोणी गेलं नव्हतं. गुरुजींनी विश्वासाने सगळं वावर मोकळं करून दिलं.

*

थंडी पडली आणि गोळीचा भाव चढला. थंडी वाढली की भाव वाढतो, हे गुरुजींच्या लगेच लक्षात आलं. ते फाटकाबाहेर मफलर काढायचे, घडी करून पिशवीत घालायचे आणि मगच आत यायचे.

"यंदा थंडी काही पडली नाही, सुधाकर." दात मात्र वाजत होते.

"हाव ना गुरुजी. पंखा लावू का?"

"लाव."

भाऊंनी खरंच लावला. गुरुजी त्याखालून हलले नाहीत. मी काट्यावर बसून कुडकुडत होतो. शेवटी भाऊंनाच शिंका आल्या आणि भाव उतरला.

*

ऐन कडाक्यात एका बॉयलरवाल्याचा ट्रक आला. चढा भाव देत होता. भाऊंनी गोदाम झाडून रिकामं करून दिलं. दुसऱ्या दिवशी गुरुजी रिकामं पोतं घेऊन आले.

"आठवडाभर थांबा गुरुजी," भाऊ म्हणाले.

"मी थांबतो रे. बाईचे गुडघे कसे थांबतील?"

भाऊ हसले. गुरुजी हसले नाहीत. पोत्याची घडी काखेत घालून गेले तेव्हा मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊंच्या घरी गोदामाची किल्ली घ्यायला गेलो, तर अंगणात गुरुजी आणि बाई. गुरुजींच्या खांद्यावर टॉवेल, बाईंच्या हातात साबणाची डबी.

"आंघोळीले आलो," गुरुजी म्हणाले.

भाऊंच्या तोंडातला ब्रश तोंडातच राहिला. वहिनींना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. त्या बाईंचा हात धरून सगळ्यांना परसात घेऊन गेल्या. बंब रसरसला होता. मागच्या भिंतीला लागून छपरापर्यंत पऱ्हाटी रचलेली, आणि वहिनी तीच मोडून बंबात सारत होत्या.

"गोळी नाही जाळत, सूनबाई?"

"गोळी कोण जाळते जी? आमच्या इथं पहिल्यापासून पऱ्हाटीच. हे तं तुमच्याच वावरातली हाये. यायनं गाडी इकडंच खाली केली होती. लय चांगली जळते."

बाईंची आंघोळ झाली, मग गुरुजींची. भाऊ ओट्यावर मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. गुरुजी डोक्याला मफलर गुंडाळून बाहेर आले आणि भाऊंच्या समोर खुर्ची ओढून बसले. मग त्यांनी मफलर सोडला, नीट घडी केली आणि पिशवीत घातला.

"यंदा थंडी काही पडली नाही, सुधाकर," ते म्हणाले. "पऱ्हाटी काय भाव देतो?"