जळलेली मोटर आणि रविवारचे पाहुणे

मोर्शीकडं संत्र्याच्या झाडांना हिवाळ्यात मुद्दाम तहानलेलं ठेवतात. पाणी पार बंद. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल झाली की ताण तोडायचा, म्हणजे पाणी सोडायचं, आणि मग झाड फुलावर येतं. माझे बाबा एका बगीच्यात सालदार आहेत, वर्षाच्या बोलीवर राबतात. ताण तोडायचं काम त्यांचंच. इतके दिवस निजलेली मोटर त्या दिवशी उठवायची असते, आणि ती कधीकधी उठतच नाही.

त्या हिवाळ्यात माझंही काही धड नव्हतं. दहावीनंतर शाळा सुटली, तेव्हा अमरावतीच्या एका केंद्रात गरिबांच्या पोरांना फुकट काम शिकवतात असं कळलं म्हणून मी तिथं गेले. मॅडम म्हणाल्या, शिवणकाम घे. मला एका जागी बसवत नाही, शिवण काय डोंबल घेणार! मी मोटर वाइंडिंग घेतलं. जळलेली मोटर उघडायची, आतली काळी तार ओरबाडून काढायची, नवी भरायची. वर्गात मी एकटीच मुलगी. कोर्स संपला, पोरं दुकानांत लागली आणि मी घरी. ज्या दुकानात जावं तिथं एकच उत्तर, "पोरगी बसवली तं गिऱ्हाईक काय म्हणीन?" इतका संताप यायचा! तोंडाशी आलेलं गिळून मी एसटीत बसायची.

इकडं अकोल्याच्या मामानं स्थळ आणलं होतं. बाबांनी त्याला शब्द दिलेला, की ताण तुटेपर्यंत पोरीला काम मिळालं तर थांबू, नाहीतर पाहुणे बोलवू. झाडांचा आणि माझा मुहूर्त एकच! मी घरभर येरझारा घालायची. आई वैतागायची, "खाली बस नं बाई, पायाले भिंगरी हाय का तुह्या?"

ताण तोडायच्या सकाळी बाबांनी बटण दाबलं. मोटर नुसती घूं घूं करत राहिली आणि मग धूर निघाला. शेजारच्या बगीच्यातली मात्र लगेच चालू झाली आणि दिवसभर तिचा आवाज आमच्या कानाशी. बगीच्याचे मालक दुरुस्तीसाठी मोर्शीला जाऊन आले. सगळ्यांचा ताण एकदमच तुटतो, सगळ्यांच्या मोटरी एकदमच जळतात. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. इकडं झाडं पानं गाळायला लागलेली. मालक बाबांवरच घसरले, "काहून रे, एक मोटर सांभाळता येत नाही तुले?"

बाबा जमिनीकडं बघत म्हणाले, "माही पोरगी भरून देते."

मी बाजूलाच उभी होते. जमलं नाही तर त्यांचं काम जाणार होतं आणि माझं लग्न ठरणार होतं.

मालकांनी नवी तार आणून दिली. अंगणात पोतं अंथरून मी ती भरली, बोटं चिरली तरी भरली. वरून वार्निश ओतलं आणि उन्हात ठेवलं. आता वाळेपर्यंत नुसतं थांबायचं. ते कुठं जमतं मला! मी घडीघडी बोट लावून बघायची. "हात नको लावू वो," आई ओरडली, "पापड हाय का थो?"

मोटर बसवली नेमका त्याच दिवशी मामा आला. तोही विहिरीवर येऊन उभा राहिला. मालकांनी बटण दाबलं, मोटर फिरली. मी हसले. केंद्रात फिरली की पास! पण पाइपातून पाणी आलं करंगळीएवढं.

"वाट लावली पोरीनं," मालक म्हणाले. मामानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

केंद्रातल्या टेबलावर आम्ही मोटरीला पंप कधी जोडलाच नव्हता, कुठल्याही बाजूनं फिरली तरी टाळ्या. मी खाली बसले आणि पंपावरचा चिखल ओढणीनं पुसला. तिथं बाण निघाला, कुठल्या बाजूनं फिरायला हवं ते दाखवणारा. आमची उलटी फिरत होती.

"बंद करा!" मी मालकांवरच ओरडले. तीनपैकी दोन तारांची अदलाबदल केली. "आता करा."

पाणी असं आलं की मामाची पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळेना. "जमलं बावा," एवढंच म्हणून मालक निघून गेले. मामा पँट पिळत म्हणाला, "भाऊजी, झाली नं पोरीची हौस? मंग रविवारी आणतो पाहुण्यायले."

बाबा फावड्यानं पाणी झाडाच्या आळ्यात वळवत होते. मान वर न करता म्हणाले, "रविवारी तिले सवड नाही. बाजूच्या बगीच्यातली मोटर जळली, थे भराची हाय."

बाजूच्या बगीच्यातली मोटर धडधडत होती. मला ऐकू येत होती, मामालाही ऐकू येत होती, आणि बाबा खुशाल पुढच्या झाडाला पाणी देत होते.