जांभळा रंग न येण्याची वाट

ज्येष्ठ वद्य तृतीया, सोमवार. सकाळी नऊलाच गरम वाऱ्याची लू सुटली.

झाशीच्या एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये मी अटेंडंट आहे. रोज वहीत तापमान लिहितो. आकड्याशेजारी जागा उरते, तिथे किस्से साठत जातात!

सध्याचे सगळे ऋतुजाचे. ती बबीन्याच्या लष्करी छावणीतल्या हवालदारांची बायको, आमच्याकडे पीएच.डी. करते. तिचे जंतू पुरेसे जमले की एकमेकांना खबर देतात आणि सगळे मिळून जांभळे होतात. लवंगेच्या तेलाने ती खबर तुटते का, हे पाहायचं. तुटली तर जंतू जगतात, पण पांढरेच राहतात.

पहिल्या दिवशी तिने जंतूंच्या प्लेटमधल्या कागदी चकतीवर सढळ हाताने तेल घातलं. दुसऱ्या दिवशी प्लेट स्वच्छ, एकही जंतू नाही! ती खूश. तिच्या गाइड मॅडमनी डोक्याला हात लावला.

"ऋतुजा, ये तो मर्डर है! हमें सिर्फ चुप कराना है!"

*

तेल कमी केल्यावर दोनदा चकतीभोवती छान पांढरं कडं आलं. प्रयोग तीनदा जमावा लागतो. तिसऱ्या वेळी लाइट गेली. जंतूंना तीस डिग्री हवी, बाहेर पंचेचाळीस. मी चपराशी रामसेवक भैयांचा गार पाण्याचा मटका उचलून प्लेटांच्या कपाटात ठेवला.

भैया घाम पुसत आले. "हमाओ मटका कीड़न खों दे दओ?"

तरीही प्लेटा वाया गेल्याच. किड्यांना दिलेला मटका भैयांनी दोन दिवस कुलपात ठेवला.

*

पुन्हा मांडलं. या खेपेला तुलनेसाठी ठेवलेली बिनतेलाची प्लेटसुद्धा पांढरी! जंतूच मुके झाले की काय? ऋतुजा लॅबभर येरझाऱ्या घालत होती. त्यातच नवऱ्याच्या बदलीची ऑर्डर आली.

मॅडमनी माझी वही मागितली. त्यात लिहिलं होतं, "सर्व प्लेटा एकाच बंद डब्यात नीट रचल्या." माझंच अक्षर! तेलाची वाफ डब्यात फिरून बिनतेलाच्या शेजारणीलाही लागली होती.

"काका," ऋतुजा म्हणाली, "तुम्ही थोडे गबाळे असता तर!"

*

शेवटची संधी. दोन डबे, दोन कपाटं. चोवीस तास आज सव्वादहाला भरणार होते आणि बदलीच्या सामानाचा ट्रक दहालाच तिला न्यायला कॉलेजच्या गेटवर आला. मी पाच वेळा घड्याळ पाहिलं. भैयांनी सहा वेळा. ऋतुजाचा फोन वाजतच होता. शेवटी तिने स्पीकरवर टाकला.

"ऋतू, अजून किती?"

"अहो, थांबा ना, जंतू बोललेत की नाही तेच बघायचंय!"

"इकडे ड्रायव्हर बोलतोय!"

सव्वादहा. मॅडमनी डबे उघडले. फोन कुणी बंद केला नाही.

बिनतेलाच्या तिन्ही प्लेटा जांभळ्या. तेलाच्या तिन्ही प्लेटांत जंतू जिवंत, चकतीभोवती पांढरं कडं: अकरा, अकरा, बारा मिलिमीटर. ट्रक दहा पस्तीसला सुटला.